कळा, दोन अक्षरी

मैत्री दारात चप्पल काढता काढता थांबली, ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "पप्पा, घरात काही मेलंय का?"

साहेबराव हॉलमधल्या दिवाणावर, मांडीवर पाट घेऊन, शब्दकोड्याच्या चौकटी भरत बसले होते. रविवारची सकाळ होती, पण चिखलीत रविवार फक्त शाळांना असतो. शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू होता आणि त्याच्या किंकाळीला घर इतकं सरावलेलं होतं, की तो बंद पडला तरच कुणी मान वर करायचं. "उंदीर असेल एखादा," ते वर न बघता म्हणाले, "मागच्या नाल्यातून येतात." त्यांच्यापुढे एक दोन अक्षरी शब्द होता आणि त्याचा संकेत त्यांना नुकताच सापडला होता. सापडलेलं निसटू नये म्हणून पेन्सिलीचं टोक त्यांनी कागदावरून उचललं नव्हतं. चेहऱ्यावर असली तर तेज, अंगात आल्या तर वेदना. कळा. एकच शब्द, एकवचनात रूप आणि अनेकवचनात दुखणं. चिंचवडच्या एका साप्ताहिकाला ते दर आठवड्याला कोडं द्यायचे, आणि यावेळी खाद्य विशेषांक म्हणून संपादकांनी सांगितलं होतं, जिभेचं, नाकाचं, डोळ्यांचं असं काहीतरी खुसखुशीत द्या, साहेबराव. ते मनातल्या मनात खूश होते. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज थांबला. पुढे त्यांना त्या सकाळचा ग्राइंडर आठवायचा नाही, मैत्रीचा प्रश्नसुद्धा कुणीतरी दुसऱ्याच घरात विचारल्यासारखा आठवायचा. पण तो थांबलेला भांड्यांचा आवाज, हातातली ताटली हातातच राहावी तसा थांबलेला, तो मात्र कानातून कधी गेला नाही.

मैत्री बऱ्याच दिवसांनी आली होती. पिंपळे सौदागरहून चिखली काही लांब नव्हती, पण गेले काही महिने ती येते म्हणाली की कस्तुरा फोनवर म्हणायची, कशाला दगदग करते, आठवडाभर कंपनीत राबते ती राबते, मीच येते तुझ्याकडं. आणि जायची नाही. आज मैत्री न सांगता आली होती. तिने फ्रिजच्या मागे पाहिलं, दिवाण ओढला, साहेबरावांना पाटासकट उठवलं, मोरीची जाळी उचलली. साहेबराव तिच्या मागे मागे झाडू घेऊन हिंडत होते. नाकपुड्या फुगवून, मान किंचित वाकडी करून एखादी गोष्ट शोधणारं माणूस पाहिलं की त्यांना नेहमी थोडं परकं वाटे. आंधळ्याला रंगांच्या दुकानात वाटत असेल तसं. मैत्री हॉलमध्ये, मग मधल्या खोलीत, मग पुन्हा हॉलमध्ये आली, आणि मग एकदम सरळ स्वयंपाकघराकडे गेली, जसं कुणी हाक मारली असावी. दारात थबकली. आत कस्तुरा ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"आई, इकडे बघ."

"अगं फोडणी टाकलीय."

"गॅस बंद कर आणि इकडे बघ."

मग मधल्या खोलीचं दार लागलं. साहेबराव बाहेर झाडू धरून उभे राहिले. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती कुजबुज, आणि मग मैत्रीचा आवाज, "आई गं," असा, लहानपणी पायाला ठेच लागली की यायचा तसा. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा त्यांना ओळखू आला नाही.

"तुम्ही एका खोलीत झोपता," ती म्हणाली. "एका पलंगावर. आणि तुम्हाला कळलं नाही?"

"काय कळलं नाही?"

"तिची छाती सडलीय, पप्पा. डावी बाजू. जखम आहे, एवढी. कापड लावून लावून हिंडतेय. रस्त्यावरच्या माणसाला कळेल असा वास आहे आणि तुम्ही इथे शब्दकोडी लिहीत बसलात!"

त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याऐवजी आतून कस्तुरा बोलली. तिचा आवाज शांत होता, जालन्याकडचा हेल तिने इतक्या वर्षांत सोडला नव्हता. "त्यांना बोलू नको. त्यांना वास येत न्हाई. तू जन्मायच्या आधीपासून न्हाई येत."

मैत्रीने वडिलांकडे पाहिलं. एका सकाळी दोन गोष्टी कळणं तिला जास्त झालं असावं; ती खाली बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली. ते रडणं होतं की नाक झाकणं, हे साहेबरावांना कळेना.

वास कधी गेला, हे त्यांना सांगता आलं नसतं. ऐकू येणं जातं तेव्हा माणूस पुन्हा पुन्हा 'काय?' म्हणतो, दिसणं जातं तेव्हा ठेचाळतो. वास जातो तेव्हा काहीच होत नाही. भोसरीच्या कंपनीत ते पेंट शॉपला लागले, तेव्हा थिनरचा वास सगळीकडे असायचा, डब्यातल्या भाकरीला, केसांना, झोपेला. बूथमध्ये गाडीचे दरवाजे साखळीला टांगून एकामागून एक यायचे आणि साहेबराव गनने त्यांच्यावर रंगाची धुकी सोडायचे. नाकाला बांधायचं फडकं खिळ्याला लटकलेलं असायचं, कारण ते बांधलं की घामाने गुदमरायला व्हायचं. मग एके दिवशी थिनरचा वास येईनासा झाला. त्यांना वाटलं, नवा माल चांगला आला. बरेच दिवस ते सोबतच्या माणसांना सांगत होते, नवा माल चांगला आहे राव, डोकं धरत नाही. वर्षाच्या तपासणीत कंपनीचा डॉक्टर डोळे बघायचा, फुंकर मारायला लावायचा, नाकाचं कुणी विचारलं नाही आणि साहेबरावांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बूथवरून काढून मालाच्या चढ-उताराला टाकलं असतं, आणि बूथमध्ये त्यांचा हात चांगला होता. रंगाचा ओघळ न येता पूर्ण दरवाजा एका दमात मारणं त्यांना जमायचं.

कस्तुराने ते पकडलं. मैत्री रांगत होती तेव्हाची गोष्ट. त्यांच्या मांडीवर पोरीने शी केली होती आणि ते तसेच पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. कस्तुरा आधी हसली, मग हसता हसता थांबली. तिने पोरीला धुतलं, मग आत जाऊन एका वाटीत काहीतरी घेऊन आली आणि म्हणाली, डोळे मिटा. वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. "हे काय हाय?" "पाणी," ते म्हणाले. रॉकेल होतं. दुसरी वाटी आणली. ठेचलेला लसूण. ते म्हणाले, काहीच नाही. तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, चला, निदान माझ्या घामाची कटकट तरी न्हाई. कुणाला सांगू नका. मी हाय की.

आणि ती होती. घरातलं नाक कस्तुराचं. कंपनीतून आले की ती ताट वाढताना सांगायची, आज मेथी हाय, मेथीचा वास कडू नसतो बरं का, हिरवा असतो. सिलिंडर संपत आला की कुजल्या लसणावानी येतो. नवी वही पिठासारखी, तान्ह्या पोराची टाळू गरम दुधासारखी, इंद्रायणीला फेस येतो तेव्हा साबणात काहीतरी सडल्यासारखं. कस्तुराची शाळा चौथीत सुटली होती, पण एका वासाचं दुसऱ्या वासाशी नातं लावायला तिला वेळ लागायचा नाही. साहेबराव ते ऐकून ठेवायचे. आधी पेपरातली कोडी सोडवायचे, मग चाकणला प्लांट हलल्यावर बसच्या लांब प्रवासात रचायला लागले, निवृत्तीनंतर छापायलाही लागले. नाकाला येतो, घरात करतात: वास. साधूचं लागतं, गबाळ्याचं दिसतं: ध्यान. गर्वही आणि उग्र घाणही: दर्प. वासाला नकार जोडला तरी उरतेच ती इच्छा: वासना. वाचक संपादकांना फोन करायचे, हे साहेबराव कोण, यांची कोडी फार चवदार असतात. ते हे कस्तुराला सांगायचे तेव्हा ती म्हणायची, सांगा त्यांना, चव माझी हाय. त्या शब्दांच्या खाली वस्तू नव्हती, हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यांच्याकडे रिकामे चौकोन होते आणि ते ती भरत होती, एवढंच. आणि जी स्वतःच सगळं सांगते तिने एक गोष्ट सांगितली नाही, तर ती आपल्यापाशी नाही हे आपल्याला कळणार कसं?

आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसत होतं. डोळे तर होते ना. गेल्या काही महिन्यांत तथागतांच्या मूर्तीपुढे अगरबत्त्या वाढल्या होत्या. सकाळ-संध्याकाळच्या जागी दिवसभर, घरभर निळसर धूर. त्यांना वाटलं, वय झालं की माणूस वंदनेकडे वळतं. मागच्या दोरीवर जुन्या साड्यांचे फाडलेले तुकडे वाळत असायचे, त्यांना वाटलं, पुसायला. ती डाव्या कुशीवर झोपेनाशी झाली होती. मध्येच ओट्याची कड धरून दात आवळून उभी राहायची आणि विचारलं तर म्हणायची, गॅस धरलाय. जेवायची नाही. "भूक मेली हो माझी," ती म्हणाली होती, आणि ते 'भूक मेली' त्यांना आवडलं होतं, त्यांनी ते मनात घोळवलं होतं, भूक मरते म्हणजे काय होतं, तिला कुठे पुरतात. आणि कागदावर लिहिलं होतं, अन्नावरून मन उडणे, तीन अक्षरी: अरुची. आणि एकदा, हे आठवलं की ते उठून उभे राहायचे, घरात कुणी नसलं तरी उभे राहायचे, एकदा ती मैत्रीने घेतलेली साडी नेसून विहारात निघाली असताना ते म्हणाले होते, "बारीक झालीस. चांगली दिसतेस, तरुणपणी दिसायचीस तशी." ती आरशात बघत होती. आरशातूनच हसली. म्हणाली, "व्हय?"

पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर बाई होती, मैत्रीच्याच वयाची. तिने कस्तुराला तपासलं, पडद्यामागे बराच वेळ हळू आवाजात बोलली, मग बाहेर येऊन हात धुतले. तिचा चेहरा दमलेला होता पण रागावलेला नव्हता. "काका, किती दिवसांपासून आहे हे?"

"मला याची गंधवार्ताही नव्हती," साहेबराव म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना शब्द ऐकू आला. चार अक्षरी. वर्षानुवर्षं त्यांनी तो वापरला होता, लोकही वापरतात, पेपरातही येतो, आणि एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी त्याच्या आत डोकावून पाहिलं नव्हतं. नाकाने आणलेली बातमी. ते डॉक्टरच्या टेबलासमोर उभे होते आणि त्यांना हसू येत होतं. ओठ आवळून धरावे लागत होते. डॉक्टर बाईला वाटलं असावं की ते रडतायत. तिने त्यांना बसायला सांगितलं. मग तिने समजावलं, की आजार छातीपाशी थांबलेला नाही, हाडात आणि फुप्फुसात गेला आहे, आता ऑपरेशन करून काही मिळणार नाही. औषधं देऊ, दुखणं कमी ठेवू, जखमेची पट्टी रोज बदलायची, ती घरी बदलता येईल. मैत्री प्रश्न विचारत होती. मोबाइलवर काहीतरी वाचून विचारत होती, दुसऱ्या हॉस्पिटलांची नावं घेत होती. साहेबराव टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरच्या चौकोनांकडे बघत राहिले. काही भरलेले होते, काही रिकामे.

औषधांसाठी मैत्री रांगेत उभी होती तेव्हा ते आणि कस्तुरा बाकावर बसले. दोघांच्या पलीकडची माणसं हळूहळू उठून दुसरीकडे जाऊन बसत होती. ते कस्तुराच्या लक्षात येत होतं. ती पदर आवळत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझ्या ताईचं काय झालं तुमाला ठाव हाय. छाती कापली, आणि दाजींनी माहेरी आणून सोडली. म्हणले, बघवत न्हाई."

"मी तसला आहे का, कस्तुरा?"

"न्हाई. तुमी तसले न्हाई." ती रांगेतल्या मैत्रीकडे बघत होती. "पण तसं हाय का न्हाई ते बघायची पाळी मला आणायची न्हवती. गाठ होती तवाच कळलं मला. मग ती फुटली. म्हणलं, सगळ्यांना कळंल, ह्यांना न्हाई कळायचं. जगात एक माणूस असं हाय की ज्याच्यापाशी मी अजून होते तशीच हाय. तुमी शेजारी झोपायचा, तोंड माझ्याकडं करून. इतकं बरं वाटायचं बघा." आणि थोड्या वेळाने, "ऑपरेशन केलं असतं तर वाचले असते का, इचारू नका डॉक्टरला. इचारून काय करायचं."

त्यांनी विचारलं नाही. पण तो प्रश्न त्यांच्यासोबत बसमधून घरी आला.

पट्टी बदलायला हॉस्पिटलच्या नर्सने शिकवलं. मैत्री शिकायला उभी राहिली आणि मध्येच बाहेर पळाली. साहेबराव उभे राहिले. हात अजून चांगला होता. दरवाजाच्या कडा चिकटपट्टीने झाकायच्या, रंग जिथे नको तिथे एक शिंतोडा जाऊ द्यायचा नाही, ती जुनी शिस्त बोटांत होती. पहिल्या दिवशी घरी त्यांनी कापड सोडलं तेव्हा त्यांनी जखम नीट पाहिली. आपल्या ओळखीच्या शरीरात एक अनोळखी जागा. कडेला सुजलेली, मधे खोल, करडी. त्यांनी मिठाच्या पाण्याने ती धुतली, भुकटी टाकली, जाळीचं कापड अंथरलं, वर जाड गादी, चार बाजूंनी पट्ट्या. कस्तुराने तोंड भिंतीकडे केलं होतं. झाल्यावर हळूच इकडे वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे जे शोधत होती ते न दिसल्याने की काय, तिच्या कपाळावरची शीर मोकळी झाली.

मग काही दिवस असे गेले, की साहेबरावांना त्यांचा विचार करायला भीती वाटते, कारण ते दिवस बरे होते. दुपारी ग्राइंडर जेवणाला बंद व्हायचा, ऊन खिडकीतून पलंगावर यायचं, ते पट्टी बदलायचे आणि ती बोलायची. जालन्याच्या मिरच्यांबद्दल, भोसरीच्या पहिल्या खोलीबद्दल, तिथे पलीकडची बाई सुकट भाजायची तेव्हा सगळी चाळ कशी भांडायला निघायची त्याबद्दल. ती म्हणाली, "मैत्री येते ना, लई जीव लावती पोरगी. पण दारातनं आत येताना श्वास धरती. मला दिसतं. शेजारची जाईबाई पदर लावती. बोलतात माझ्याशी, पण धरलेल्या श्वासात. तुमचा श्वास सरळ चालतो. तुमी असला की मला माणसात असल्यावानी वाटतं." खाद्य विशेषांक त्यांच्या नव्या कोड्याशिवाय निघाला, त्यांचंच एक जुनं कोडं पुन्हा छापलं होतं आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी तो अंक रद्दीत टाकला. त्यांना वाटलं, एवढंच जमलं तरी पुरे. जे नाही त्याच्या जोरावर एखाद्याच्या उपयोगी पडता येतं, हे त्यांना आधी माहीत नव्हतं.

ते कुठे बिघडलं, ते त्यांना नेमकं माहीत आहे. जाईबाई पेज घेऊन आली होती. ती जाताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईशी बोलली, हळू आवाजात, पण साहेबराव दाराआड चप्पल शोधत होते. "आत पाय ठेववत न्हाई गं," ती म्हणाली. "गोड गोड येतो. उकिरड्यावर आंबा नासल्यावानी. घरी जाऊन आंघोळ करायला लागती." एवढंच.

गोड. तोवर त्या वासाला शब्द नव्हता. घरातल्या प्रत्येक वासाला शब्द देणारी होती कस्तुरा, आणि तिने हा एक दिला नव्हता. म्हणून तो चौकोन त्यांच्यापाशी रिकामा होता आणि रिकामा होता म्हणूनच सगळं चाललं होतं. आता तो भरला गेला. दुसऱ्या दिवशी पट्टीचा शेवटचा थर उचलला आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी आलं. गोड. जड. त्यांना वाटलं, चहाचं असेल. त्यांनी चूळ भरली. त्याच्या पुढच्या दिवशी पट्टी सोडायच्या आधीच आलं, मग खोलीच्या दारात, मग सकाळी उठल्या उठल्या. चहात साखर टाकायची सोडली, तरी चहा गोड लागायचा. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. गिळताना डोळ्यांपुढे माश्या बसलेला आंबा यायचा, फुटलेला, कडेने करडा. त्यांनी जेवण कमी केलं. तो वास नव्हता. मेलेलं नाक काही जिवंत होत नाही, निवृत्तीनंतर गुपचूप दाखवलं तेव्हा चाकणच्या एका डॉक्टरने त्यांना ते सांगितलं होतं. तो फक्त शब्द होता, नाकात जाऊन बसलेला. ते स्वतःला हे समजावून सांगायचे, मोरीत उभे राहून, तोंडावर पाणी मारत: तुला येत नाही. तुला फक्त माहीत आहे. पण माहीत असण्यावर नाकाला हात लावून बंद करायची सोय नव्हती.

एका दुपारी कस्तुरा मैत्रीच्या बारशाचं काहीतरी सांगत होती. साहेबरावांनी चिकटपट्ट्या सोडवल्या, गादी उचलली, आणि मिठाच्या पाण्याचा बोळा हातात घेऊन खाली वाकले. त्या वाकण्यात त्यांचा श्वास थांबला. त्यांनी थांबवला नव्हता. तो आपोआप थांबला, गळ्याशी, पाण्यात डोकं घालताना थांबतो तसा.

कस्तुराचं बोलणं थांबलं.

त्यांनी बोळा फिरवला. श्वास सोडायचा होता, पण सोडला तर पुन्हा घ्यावा लागणार होता. छाती भरून आली, कानात ठोके पडू लागले, आणि शेवटी त्यांनी मान बाजूला वळवून, खिडकीकडे वळवून, श्वास घेतला.

"तुमाला येतो," ती म्हणाली.

"काय?"

"खोटं बोलू नका. तोंड फिरवलं तुमी."

"नाही गं. मला कसा येईल? तुला माहीत आहे ना." त्यांनी तिचा हात धरला. बोलायला हवं होतं. इतके शब्द होते त्यांच्यापाशी, आयुष्यभर दुसरं काय गोळा केलं होतं. पण सांगायचं काय होतं? की वास येत नाही, नुसतं मनात येतं? की नाकाला नाही, मलाच नको झालंय? त्यांनी ते वाक्य जुळवून पाहिलं, आडवं, उभं. कसंही लावलं तरी ते वास येतो म्हणण्यापेक्षा वाईट होतं. कस्तुरा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी बी," ती म्हणाली. आणि पदर वर ओढून घेतला, पट्टी अर्धवट असताना.

संध्याकाळी तिने स्वतः मैत्रीला फोन लावला. म्हणाली, एखादी बाई लाव बाई, ह्यांची कंबर धरती वाकून वाकून. दोन दिवसांत नर्सिंग ब्युरोतून विजयश्री नावाची मुलगी यायला लागली. ती एकावर एक दोन मास्क लावायची, नाकाखाली बाम चोळायची, त्याबद्दल काही लपवायची नाही, आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. साहेबराव हॉलमध्ये दिवाणावर बसायचे. आतून बोलण्याचा आवाज यायचा. एकदा कस्तुरा हसली. विजयश्री स्वतःच्या सासूची नक्कल करत होती बहुतेक. साहेबराव उठून दाराशी गेले. तोवर हसणं संपलं होतं.

झोपायला ते आता हॉलमध्येच होते. तीच म्हणाली होती, तुमाला नीट झोप लागंल. दिवसातून कितीदा तरी ते दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, येऊ का? आणि आतून ती म्हणायची, "थांबा जरा, आवरते." मग चादर सारखी केल्याचा, उशी झटकल्याचा, बांगड्यांचा आवाज यायचा, आणि मग, पाहुण्याला म्हणावं तसं, "या." ते आत जाऊन खुर्चीवर बसायचे. काय खाल्लं विचारायचे. ती म्हणायची, तुमी जेवला का. त्यांनी तिला एकदाही सांगितलं नाही, की त्यांचंही जेवण सुटलं आहे. ती त्यांच्याकडे बघायची, उतरलेल्या गालांकडे, ढिल्या झालेल्या शर्टाच्या कॉलरकडे. खुर्ची पलंगापासून हातभर लांब असायची. ती जवळ ओढायचा त्यांना धीर झाला नाही, आणि तिने ओढा म्हटलं नाही.

एका दुपारी विजयश्री खाली भाजीवाल्याकडे गेली होती. साहेबरावांनी दार वाजवलं. ग्राइंडर जेवणाला बंद होता, म्हणून सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"थांबा जरा," कस्तुरा म्हणाली.

ते थांबले. चादर सारखी झाल्याचा आवाज आला, थोडासा, मग नाही. शेडमधली माणसं डबे धूत होती, नळाखाली भांडी आपटत होती. साहेबरावांचा हात कडीवर होता. आत जायला कुणी अडवलं नव्हतं, कडी लावलेली नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. पण ती थांबा म्हणाली होती. ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. त्या आवाजात तिने "या" म्हटलं असेल आणि आपल्याला ऐकू आलं नसेल, असं त्यांना एकदा वाटलं; तरीही ते तसेच उभे राहिले, विजयश्री भाजीची पिशवी घेऊन वर येईपर्यंत. तिने त्यांना बाजूला केलं आणि दार उघडलं.

"काका," ती आतून म्हणाली. मास्क लावायला ती विसरली होती. "काका, या आता."

ते उंबऱ्याबाहेर उभे होते.